चार सॉफ्टवेअर, एक ढोल

भालकी,
१२ ऑक्टोबर २००९

प्रिय पिराप्पा,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम भाग्यलक्ष्मीकडून, तुझ्या वहिनीकडून, लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच फेकलं असतंस, व्हय का न्हाई? फोनवर तर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. मागच्या महिन्यात दुसऱ्याच्या मोबाईलवरून लावला, नुसतं हॅलो म्हणलो, तरी ओळखलंस आणि कट केलास. कान अजून तसाच तिखट आहे गड्या तुझा. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात फाडलंस तर तुला वाटंल, श्रीशैल चार वर्षांनी पुन्हा मलाच बोल लावायला बसलाय. तसं न्हाई. पण जे सांगायचं आहे ते एकदम सांगायची माझी छाती होईना, म्हणून आधी कामाचं सांगतो.

माझी रेकॉर्डिंगची खोली अजून चालू आहे, अप्पांच्या किराणा दुकानामागचीच. श्रावणात एकदा लाईट गेली-आली, गेली-आली, आणि तिसऱ्यांदा आली ती कॉम्प्युटर जाळूनच. नवीन घेतला, तर त्यावर आपलं जुनं सॉफ्टवेअर चालंना. ती हैदराबादहून आणलेली कॉपी केलेली सीडी, वर स्केचपेननं नाव लिहिलेली, आठवती का? तीच. मग गाणी रेकॉर्ड करायला नवीन सॉफ्टवेअर बघायची पाळी आली, आणि गेले दोन महिने मी त्याच्याच मागं आहे. भाग्यलक्ष्मी म्हणती, पोरीला स्थळ बघताना पण लोक एवढी चौकशी करत न्हाईत. मी म्हणलो, स्थळाकडचे खोटं बोलताना जरा तरी चाचरतात, सीडी चाचरत पण न्हाई.

माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. मी दुकानदाराचा पोरगा. अप्पांनी मला पाढे शिकवायच्या आधी एक गोष्ट शिकवली, की माल तोलायच्या आधी तागडी रिकामी धरून बघायची. रिकामी असून झुकली तर समोरच्याशी पुढं बोलायचंच न्हाई. त्यामुळं कुणी गोड बोलायला लागलं की माझं मन आधी तागडी शोधतं. उदगीरच्या दुकानात एकानं मला खुर्ची दिली, चहा पाजला, आणि सगळ्यात मोठं सॉफ्टवेअर दाखवलं. सिनेमावाले हेच वापरतात म्हणला. आत शंभरावर वाद्यं. मी म्हणलो, अरे बाबा, माझ्याकडं एक पेटी, एक झांज, एक ढोल आणि गाणारं एक माणूस, शंभर वाद्यं मी काय वाळत घालू? तर म्हणला, पुढं लागतील सर. पुढं लागणारं आजच गळ्यात मारणाऱ्याचा मला लई संशय. चहा प्यालो आणि उठलो.

दुसरं होतं तयार ठोक्यांचं. पडद्यावर चौकोन असतात, त्यात ठोका टाकायचा, मग तो दिवसभर तसाच वाजतो. माणूस नको, पगार नको, नखरे नको, असं दुकानदार म्हणला, आणि माझ्याकडं बघून हसला. मला ते हसणं आवडलं न्हाई. खरं सांगतो, तू गेल्यावर जुन्या डब्यात असल्याच तयार ठोक्यांवर मी दोन वर्षं काढली. गाणी विकली गेली, पण तुमच्या खजुरी गावच्या माणसानं एक पण घेतलं न्हाई. बिरप्पा देवाचा ढोल संथ सुरू होतो, मग चढतो, चढतो, आणि पुजाऱ्याच्या अंगात येईपर्यंत चढतच राहतो. त्या चौकोनांना चढणं ठाऊक न्हाई. एकदा ठरलेल्या चालीनंच ते चालणार.

तिसरं फुकट होतं, इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं. इथं तर माझी झोपच उडाली. फुकट देणाऱ्याच्या पोटात काय असंल? माझी गाणी परस्पर घेऊन जाईल का? तीन दिवस मी नेटची वायर काढून ठेवली आणि मगच ते चालवलं. जगातली माणसं मिळून ते बनवतात आणि असंच वाटतात, असं वाचलं, तरी मन मानंना. शेवटी भाग्यलक्ष्मीनं तोंड बंद केलं. म्हणली, मठात दासोहाला पंगतीत बसता, तेव्हा विचारता का स्वामींना, फुकट कामून वाढायलात म्हणून? चौथं मधलं होतं. साधंच, थोडकं, पण जेवढे माईक तेवढे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर एकदम घेणारं. महिनाभर वापरून बघा, पटलं तर विकत घ्या, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, सवय लावून मग मान पकडायची ही रीत. तरी घेतलं तपासायला.

हे सगळं बघताना मला सारखी जुनी खोली आठवायची. शहाण्णव साल असंल. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला ज्वारीची रिकामी पोती ठोकलेली, मधे एकच माईक टांगलेला आणि खाली टेपरेकॉर्डर. सिद्धव्वाअक्का पेटी घेऊन बसायची, गाणारी तीच. भीमण्णा झांज घेऊन कोपऱ्यात, आणि तू ढोल घेऊन पार दारात, कारण आत बसलास तर अक्काचा आवाज बुडायचा. सगळ्यांनी एकदम म्हणायचं, एकदम वाजवायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी सुट्टीत मी आजोळी खजुरीला यायचो, तेव्हा तुझ्या अप्पांनी, रेवणसिद्धप्पामामांनी, तुला देवळाच्या ओट्यावर बसवून मांडीवर ठेका धरायला लावलेलं मी बघितलेलं. तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. मी पण मांडी बडवून बघितली, तर मामा म्हणले, तू दुकान सांभाळ रे बाबा. त्या टेपवरच्या कॅसेटी तू अजून ठेवल्यास का, ठाऊक न्हाई. माझ्याकडं आहेत. त्यांत एक ठोका पण इकडचा तिकडं न्हाई.

दोन हजार चारला कॉम्प्युटर आला आणि मी साहेब झालो. आता सगळ्यांनी एकदम बसायची गरज न्हाई, मी तुम्हाला सांगितलं. आधी सिद्धव्वाअक्काचं गाणं आणि पेटी एकदमच घ्यायची. मग तू कानाला हेडफोन लावायचास, ते गाणं ऐकत त्यावर ढोल वाजवायचास. तुला ते हेडफोन मुळीच आवडले न्हाईत. बैलाला झापड लावल्यासारखं वाटतंय म्हणलास. पहिलं गाणं झालं आणि मी लावून ऐकलो, तर ढोल मागं. जरासाच, पण प्रत्येक ठोक्याला मागं. दुसऱ्या गाण्याला तेच, तिसऱ्याला तेच. तू म्हणायचास, मी बरोबर वाजवलो. मी म्हणायचो, मग कॉम्प्युटर खोटं बोलायलाय का? अक्काचं गाणं जागेवर, पेटी जागेवर, मागून घेतलेला एकटा ढोल घसरलेला. मागं पडणारा एकटा तूच दिसायचास मला.

मग माझ्या डोक्यातला किडा वळवळायला लागला. आज तुला सगळं सांगतो. आधी वाटलं, तू पिऊन येतोस. तुझ्याजवळ उभा राहून मी वास घेतलेला आहे, एकदा न्हाई, चारदा. मग वाटलं, उदगीरच्या स्टुडिओवाल्यानं तुला फोडलं, आणि माझी गाणी बिघडावीत म्हणून तू मुद्दाम करायलास. त्या दिवशी तू उदगीरच्या गाडीतून उतरलास, तर मी दोन दिवस तुझ्याशी नीट बोललो न्हाई. नंतर कळलं, तू मामीच्या डोळ्यांचं औषध आणायला गेलतास. तरी मनातलं गेलं न्हाई. आणि मग सिद्धव्वाअक्काच्या समोर मी तुला म्हणलो, तुझा हात मेलाय पिराप्पा, वाजवायचं असंल तर नीट वाजव, न्हाईतर देवळातला ढोल पण सोड. अक्का माझ्याकडं बघतच राहिली. तू हेडफोन लावलास आणि म्हणलास, पुन्हा घे.

ते चौथं गाणं बरोबर आलं. त्यापुढची पाच पण बरोबर. मी काय फुशारक्या मारल्या! माणसाला चारचौघांत बोललं की हात कसा सरळ येतो बघा, असं मी गावभर सांगत फिरलो. आठ महिने तू दुपारच्या गाडीनं येत राहिलास, हेडफोन लावत राहिलास, आणि मी बरोबर, बरोबर म्हणत राहिलो. पुढची दिवाळीनंतरची जत्रा आली. पालखीपुढं बारा ढोल, तू मधे. तुझा ठोका बाकीच्या अकरांच्या आधी पडायला लागला. जरासाच, पण प्रत्येक वेळी आधी. मी गर्दीत उभा होतो. मामांनी पालखी थांबवली, तुझ्यापुढं आले आणि सगळ्या गावादेखत तुझ्या गळ्यातला ढोल उतरवून ओट्यावर ठेवला. देवाच्या ढोलाला वाकडा हात चालत न्हाई, आणि ज्यानं उतरवला त्याच्याच हातानं तो परत गळ्यात पडायचा, ही तुमच्या देवळाची रीत लहानपणापासून मी ऐकलेली. उतरवणारा मरून गेला तर मग कुणाच्याच हातानं न्हाई. त्या आठवड्यातच तू बिदरला गेलास, तिथंच कोळार भागातल्या गोदामात पोती उचलायला लागलास, आणि तेव्हापासून खजुरीची एक पण जत्रा बघितली न्हाईस. आणि मी काय म्हणलो असंल त्या दिवशी? म्हणलो, बघा, मी सांगत नव्हतो का!

आता पुन्हा सॉफ्टवेअरवर येतो, कारण गाठ तिथंच आहे. चौघांतलं कोण खरं, हे बघायला मी माझी तागडी शोधून काढली. स्पीकरमधून एक टिक सोडायची. माईक स्पीकरच्या तोंडाला धरायचा आणि तीच टिक दुसऱ्या पट्टीवर रेकॉर्ड करायची. पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात, सोडलेल्या टिकचा वर, माईकनं घेतलेल्या टिकचा खाली. वरच्या डोंगराच्या बरोबर खाली खालचा डोंगर आला पायजे. मधल्या सॉफ्टवेअरमध्ये आला, अगदी खालोखाल. मला बरं वाटायच्या ऐवजी संशयच आला. म्हणलं, ताडून बघायला जुनं पण पायजे. म्हणून जळलेला जुना कॉम्प्युटर बिदरहून दुरुस्त करून आणला, आपलं जुनं सॉफ्टवेअर चालू केलं आणि तीच टिक सोडली. खालचा डोंगर मागं. मोजलं, तर सेकंदाचा दहावा हिस्सा.

मी म्हणलो, वायर खराब. वायर बदलली. माईक बदलला. स्पीकर बदलला. दुरुस्ती करणाऱ्यानं काही काढून घेतलं का, म्हणून त्याच्याशी फोनवर भांडलो. अकरा वेळा केलं, अकरा वेळा तेवढंच मागं. मग जिथं कधी गेलो नव्हतो तिथं गेलो, सॉफ्टवेअरच्या माहितीच्या पानांवर. इंग्रजी वाचायला पोरीला बसवलं. तिथं सरळ लिहिलेलं आहे पिराप्पा. वाजवलेला आवाज आत घ्यायला यंत्राला वेळ लागतो, तो किती लागतो ते आधी मोजा, इथं भरा, म्हणजे रेकॉर्ड केलेलं तेवढं पुढं ओढून ठेवता येईल. नव्यात ते आपोआप होतं, जुन्यात हातानं करायचं होतं. कॉपी सीडीबरोबर पुस्तक नव्हतं, आणि मी विचारलं पण न्हाई. मिठाच्या पुडीला तागडी तपासणारा मी, या यंत्राची तागडी एकदा पण रिकामी धरून बघितली न्हाई. कामून? तर ते यंत्र होतं आणि तू माणूस होतास, म्हणून.

मग मी तुझी नऊ गाणी उघडली. पहिल्या तिन्हींत ढोल मागं, सेकंदाचा दहावा हिस्सा, म्हणजे तू जागेवर वाजवलेलास. पण पुढची सहा बघितली आणि मी खुर्चीतून उठलो. त्या सहांत ढोल जागेवर आहे. यंत्र तर तेव्हा पण तेवढंच मागं लिहीत होतं. म्हणजे तू आधी वाजवत होतास. मी बरोबर म्हणावं म्हणून, तुझ्या कानाला खटकत असून, तू प्रत्येक ठोका दहावा हिस्सा आधी टाकलास. मी मोजायला बसलो. पंधरा मिनिटांच्या गाण्यात चाल दुप्पट चढली, तरी तुझं ते आधी पडणं तेवढंच राहिलं, रेघभर कमी न्हाई की जास्त न्हाई. असला हात मी आयुष्यात दुसरा बघितला न्हाई रे. भाग्यलक्ष्मी दुकानातून आत आली तर मी रडायलोय. तिला वाटलं, कुणी गेलं. आणि तोच हात, आठ महिने मीच लावलेली ती सवय घेऊन, तू पालखीपुढं उभा राहिलास.

सॉफ्टवेअर मी ठरवलं. मधलंच घेतलं, विकत, पुस्तकासकट. त्याच्याबरोबर दोन माईक जोडायची एक डबी. आता सगळे पुन्हा एकदम बसणार, अक्का पेटीवर, झांज कोपऱ्यात. शंभर वाद्यं नकोत आणि चौकोन पण नकोत. चाल चढली तर चढू देणारं, आणि मोजून ताडता येणारं, एवढंच मला लागत होतं. हे कळायला दोन महिने आणि पाच वर्षं गेली. दर सोमवारी मी त्याची टिक तपासतो, अजून. स्वभाव कुठं जायलाय?

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. त्या जत्रेदिवशी मामा तुझ्या हाताकडं कान लावून होते. कुणीतरी आधी कान भरले होते, हे तुला तेव्हाच कळलं. तू ते भीमण्णावर घेतलंस, सख्ख्या चुलतभावावर, आणि चार वर्षं त्याच्या घरचं पाणी प्यायला न्हाईस. भीमण्णानं न्हाई सांगितलं, पिराप्पा. मी सांगितलं. जत्रेच्या सकाळी तुमच्या घरी गेलो, कोंडाबाईमामीच्या हातचा चहा प्यालो, आणि मामांना म्हणलो, पोराच्या हातावर लक्ष ठेवा, चारचौघांत बोलल्याशिवाय तो सरळ येत न्हाई, पोरगा आता देवाच्या ढोलाच्या लायकीचा राहिला न्हाई. तू भीमण्णावर संशय घेतलास तेव्हा पण मी गप्प बसलो, कारण ते मला सोयीचं होतं. आता जत्रा पंचवीस तारखेला आहे. मी आदल्या दिवशी खजुरीला जाऊन मामांना, आणि जत्रेत ओट्यावर उभा राहून सगळ्या गावाला हे सांगणार आहे. पण तेव्हा तुझ्यामागं बोललो, म्हणून आता पहिल्यांदा तुला. माफी मागत न्हाई, ती तुझी तू बघ. मामा लई थकलेत, ढोल त्यांना एकट्यानं उचलवत न्हाई. भीमण्णा भालकीच्या स्टँडवर भेटला. त्याला यातलं अजून काही ठाऊक न्हाई, तरी त्यानं पुजाऱ्याला आपणहून विचारून ठेवलंय, की ढोल घालताना मामांचा नुसता हात लागला आणि वजन दुसऱ्यांनी धरलं तर देवाला चालतं का. पुजारी चालतं म्हणलाय. एक बाजू मी धरतो, असं भीमण्णा म्हणला, दुसरी धरायला तेवढं पिराप्पाला ये म्हणावं.

तुझाच,
श्रीशैल